माजी गव्हर्नरने तूट भरून काढली म्हणजे नक्की काय केलं?

2026 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या 36 राज्यांत गव्हर्नरच्या निवडणुका आहेत, आणि दर वेळी प्रचार सुरू झाला की एक प्रकार हमखास बघायला मिळतो. एखादा माजी गव्हर्नर पुन्हा मैदानात उतरतो, कधी सिनेटसाठी तर कधी थेट राष्ट्राध्यक्षपदासाठी, आणि त्याची जाहिरात सांगते की यांनी एक पैसा कर न वाढवता अब्जावधींची तूट भरून काढली. लगेच पुढची जाहिरात विरोधकांची, ती सांगते की याच माणसाने राज्याला कर्जात बुडवलं. राज्य तेच, वर्षं तीच, माणूस तोच. न्यू जर्सी नाहीतर बोस्टनला राहणारे आपले बरेच लोक आता तिथले मतदार आहेत, त्यांना हे टीव्हीवर दिवसातून दहादा ऐकावं लागतं, आणि शेवटी सगळे राजकारणी खोटंच बोलतात म्हणून सोडून दिलं जातं. मला हे सोडून देणं पटत नाही, कारण बहुतेक वेळा दोन्ही जाहिरातींतले आकडे खरे असतात आणि गडबड आकडे कुठून कुठपर्यंत मोजले यात असते. हे समजायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही.

एक खुलासा आधीच करून टाकते, अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे अधिकाराच्या हिशोबाने आपला मुख्यमंत्री. लोकांनी थेट निवडलेला, बजेट मांडणारा, सरकार चालवणारा. आपल्या राज्यपालांशी किंवा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरशी त्याचा संबंध नाही.

उदाहरण मी मिट रॉम्नी यांचं घेतलंय. 2003 च्या जानेवारीपासून 2007 च्या जानेवारीपर्यंत ते मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते आणि 2012 ला ओबामांच्या विरोधात राष्ट्राध्यक्षपदासाठी लढले. जुनं उदाहरण मुद्दाम घेतलंय, त्यावरचा धुरळा बसलाय आणि सगळे आकडे समोर आहेत.

राज्याला तूट ठेवायची परवानगीच नसते

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसायला हवं. अमेरिकेचं केंद्र सरकार वर्षानुवर्षं तुटीत चालतं, पण राज्यांचं तसं नाही. व्हरमाँट सोडलं तर जवळपास सगळ्या राज्यांत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात कायदा आहे की रोजच्या खर्चाचं बजेट जमेला बसलंच पाहिजे, म्हणजे पगार, शाळा, हॉस्पिटल, पोलीस हे सगळं त्या वर्षीच्या उत्पन्नातून किंवा आधीच्या शिल्लकीतून भागवायचं. कर्ज काढायचं ते रस्ते, पूल, इमारती अशा टिकाऊ कामांसाठी, त्याचा हिशोब वेगळा. आपल्याकडे महाराष्ट्रात 2005 चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे, पण त्यात राज्याच्या जीडीपीच्या, म्हणजे सरकारच्या नव्हे तर सगळ्या राज्याच्या उत्पन्नाच्या, 3 टक्क्यांच्या आसपास तूट चालते. मॅसॅच्युसेट्सला ती मोकळीक नाही.

म्हणून कुठलाही माजी गव्हर्नर जेव्हा छाती ठोकून सांगतो की मी चारही वर्षं बजेट बॅलन्स केलं, तेव्हा त्याने कायदा पाळला एवढंच त्याचं म्हणणं आहे, त्याच्या आधीच्यानेही पाळला होता आणि नंतरच्यानेही पाळला. खरा प्रश्न बॅलन्स कसं केलं हा आहे.

हे कळायला आपली हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. नवीन सेक्रेटरी आला, खात्यात पैसे कमी, त्याने मेंटेनन्स एक रुपयाने वाढवला नाही आणि वर्षअखेरीला ताळेबंद जुळवून दाखवला. सगळे खूश. पण पार्किंगचा चार्ज दुप्पट झालाय, भाडेकरू ठेवायचा तर वेगळे पैसे, लिफ्टची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकललीय, जिन्यातले बल्ब ज्याच्या त्याच्या मजल्यावाल्यांनी लावायचे असं ठरलंय, आणि मागच्या कमिटीने वाढवून ठेवलेले दर आत्ता कुठे वसूल व्हायला लागलेत. मेंटेनन्स वाढवला नाही हे खरंच आहे. पण पैसे कुणाच्या खिशातून गेले ते बघितल्याशिवाय सेक्रेटरी चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.

3 अब्जांची तूट नक्की किती होती?

रॉम्नींचा सगळ्यात लाडका आकडा हा होता, की मी आलो तेव्हा 3 अब्ज डॉलरची तूट होती, म्हणजे 300 कोटी डॉलर. हा आकडा त्यांनी बनवला नव्हता, त्या वेळचे अंदाज खरंच तिथपर्यंत गेले होते. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर बोस्टनच्या आजूबाजूच्या टेक कंपन्यांना देशातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त फटका बसला होता, राज्यात 2 लाखांच्या आसपास नोकऱ्या गेल्या होत्या, परिस्थिती वाईटच होती.

पण अंदाज तो अंदाज. 2002 ला, म्हणजे रॉम्नी यायच्या आदल्या वर्षी, तिथल्या विधिमंडळाने 1 अब्ज डॉलरहून जास्त किमतीची करवाढ पास केली होती, त्यात शेअर वगैरे विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाढवला होता, आणि इन्कम टॅक्सचा दर जो 5 टक्क्यांवर यायचा होता तो 5.3 वरच थांबवून ठेवला होता. त्या नफ्यावरच्या करातून अपेक्षेपेक्षा 1 ते 1.3 अब्ज जास्त आले. शिवाय 2003 ला केंद्राने सगळ्या राज्यांना मिळून 20 अब्जांची मदत वाटली, त्यातून मॅसॅच्युसेट्सला अर्ध्या अब्जाच्या आसपास मिळाले. हे सगळं धरलं तर प्रत्यक्षात भरायची तूट निघाली 1.2 ते 1.5 अब्ज. म्हणजे निम्म्याच्या आसपास खड्डा दुसऱ्यांनी आणलेल्या मातीने भरला गेला.

म्हणून रॉम्नींनी काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. दीड अब्ज ही काही छोटी रक्कम नाही, आणि मॅसॅच्युसेट्सचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीत आलेल्या माणसाच्या हातात आधीच्याचं अर्धं संपलेलं बजेट असतं. त्यात मध्येच कात्री लावायचे खास अधिकार मागून घेऊन त्यांनी पहिल्याच महिन्यात कात्री चालवली. ते काम त्यांनी नेटाने केलं. पण 3 अब्ज मीच भरले हे म्हणणं खरं नाही.

फी वाढवली म्हणजे कर वाढवला नाही?

जाहिरातीत सगळ्यात जास्त खेळ होतो तो इथे. कर म्हणजे सगळ्यांनी मिळून द्यायचे पैसे, ज्याच्या बदल्यात थेट काही हातात मिळत नाही. फी म्हणजे ठरावीक सेवेचे पैसे, लायसन्स काढलं, लग्नाची नोंद केली, घराचे कागद रजिस्टर केले, की त्याचे. कागदावर हा फरक बरोबर आहे. रॉम्नींच्या पहिल्या वर्षात अशा फी एवढ्या वाढल्या की त्यातून वर्षाला 30 कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न यायला लागलं. ड्रायव्हिंग लायसन्स, लग्नाचं लायसन्स, बंदुकीचं लायसन्स, घराच्या कागदांची नोंदणी, सगळं महागलं.

आता यातली एक फी जवळून बघू. पेट्रोल पंपाच्या खाली जमिनीत ज्या टाक्या असतात त्या गळतात, माती खराब होते, ती साफ करायच्या फंडासाठी मॅसॅच्युसेट्समध्ये दर गॅलनला अर्धा सेंट घेतला जायचा. 2003 ला तो अडीच सेंट केला, म्हणजे पाचपट, आणि त्यातून वर्षाला 6 कोटी डॉलरच्या आसपास यायला लागले. आता मला सांगा, पंपावर गाडी उभी करणाऱ्या माणसाला या अडीच सेंटच्या बदल्यात वेगळी कुठली सेवा मिळाली? तो पेट्रोलवरच्या करातच धरला जातो त्याच्या हिशोबाने, आणि माझ्याही. जी गोष्ट टाळता येत नाही आणि जिच्यातून सेवेच्या खर्चापेक्षा जास्त पैसे काढले जातात, तिला प्रचारात कर म्हणायला काहीच हरकत नाही. कंपन्यांच्या करातल्या पळवाटा बंद करूनही त्यांनी बरेच पैसे उभे केले, त्यांच्या मते ती करवाढ नव्हती, कंपन्यांच्या मते होती. मला स्वतःला पळवाटा बंद करणं हा त्यातला सगळ्यात योग्य उपाय वाटतो, पण एका हाताने तो करून दुसऱ्या हाताने मी कुणाचाच कर वाढवला नाही असं सांगता येत नाही.

तूट नाहीशी होत नाही, जागा बदलते

हाच माझा मुख्य मुद्दा आहे आणि दोन्ही बाजूंच्या जाहिरातीत तो सहसा येत नाही.

राज्याने खर्च कमी केला म्हणजे काय केलं? 1.6 अब्जांची जी कपात झाली त्यात 70 कोटी डॉलर होते गावांना आणि शहरांना मिळणाऱ्या मदतीचे. आता गाव काय करणार, शाळेतल्या शिक्षकांना तर पगार द्यायचाच आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1980 साली लोकांनी मतदान करून एक नियम आणलाय, गावाला एकूण घरपट्टी वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, वाढवायची तर गावात मतदान घ्यायचं. मग गावोगाव तेच झालं, कुठे घरपट्टी वाढली, कुठे मतदान हरलं आणि लायब्ररीचे तास कमी झाले नाहीतर शिक्षक कमी झाले. राज्याच्या ताळेबंदात हे कुठेच दिसत नाही. तिथे फक्त एवढंच दिसतं की खर्च 70 कोटींनी कमी.

सरकारी कॉलेजांचं तेच. त्यांचं अनुदान 14 कोटी डॉलरने कापलं गेलं आणि चार वर्षांत त्यांची फी 63 टक्क्यांनी वाढली. इन्कम टॅक्स वाढला असता तर जास्त कमावणाऱ्याला जास्त पडला असता, इथे तो भार पडला एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांवर आणि त्यांच्या आईबापांवर, आणि त्यातल्या किती जणांनी त्यासाठी कर्ज काढलं असेल त्याचा हिशोब गव्हर्नरच्या नावावर कधीच लागणार नाही. म्हणून तूट भरली असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुणी भरली?

47 वा नंबर आणि 128 करवाढी

आता टीका करणाऱ्यांकडे वळू, कारण तिकडेही सगळं स्वच्छ नाहीये. 31 मे 2012 ला ओबामांचे मुख्य सल्लागार डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉड बोस्टनच्या स्टेट हाउसच्या, म्हणजे तिथल्या विधान भवनाच्या पायऱ्यांवर उभे राहून रॉम्नींच्या कारभाराचा पाढा वाचत होते आणि रॉम्नींचे समर्थक समोर उभे राहून एवढा आरडाओरडा करत होते की बोलणं ऐकू येईना. त्या पाढ्यातला हुकमी एक्का होता 47 वा नंबर. नोकऱ्या वाढण्याच्या बाबतीत 50 राज्यांत मॅसॅच्युसेट्स 47 वं.

आकडा खरा आहे. चार वर्षांत देशभर नोकऱ्या 5 टक्क्यांच्या आसपास वाढल्या आणि तिथे एक-दीड टक्का. खाली कोण होतं तर मिशिगन आणि ओहायो, जिथे गाड्यांचे कारखाने बंद पडत होते, आणि लुइझियाना, जिथे 2005 ला कतरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडवलं. पण हा चार वर्षांचा एकत्र नंबर आहे. पहिल्या वर्षी राज्य अगदी तळाला, पन्नासावं होतं, शेवटच्या वर्षी 28 वं. म्हणजे रॉम्नींची बाजू मांडणारा माणूस खुशाल म्हणू शकतो की पन्नासावरून अठ्ठाविसावर आणलं, आणि तेही खरंच ठरतं. माझ्या मते दोन्ही नंबरांवरून गव्हर्नरबद्दल फार काही कळत नाही, एका राज्याची नोकऱ्यांची बाजारपेठ गव्हर्नर चार वर्षांत हलवू शकत नाही, तो त्यातल्या कडेकडेच्या गोष्टी बदलू शकतो. त्यामानाने फी, मदतीतली कपात, कर्ज या गोष्टींवर त्याची सही असते, जाब त्याचा विचारावा.

मोजण्याची सगळ्यात वाईट पद्धत मात्र 1992 ला दिसली. थोरल्या बुश यांच्या प्रचाराने अर्कान्सासचे गव्हर्नर बिल क्लिंटन यांच्यावर आरोप केला की यांनी 128 वेळा कर आणि फी वाढवल्या. भयंकर वाटतं ना? त्या 128 मध्ये कुत्र्यांच्या शर्यतींचा सीझन लांबवला ते धरलं होतं, गुन्हा सिद्ध झालेल्यांकडून कोर्टखर्चाचा 1 डॉलर घ्यायचं ठरलं तेही धरलं होतं. आणि 1983 ला शाळा सुधारायला विक्रीकर 3 वरून 4 टक्के केला, जी खरोखरची मोठी करवाढ होती, तीही त्याच ओळीत एक म्हणून. टीका करायचीच होती तर त्या एका करवाढीवर करायला हवी होती, कारण विक्रीकर गरिबाला जास्त लागतो. पण अर्कान्सासमध्ये बहुतेक जुने कर वाढवायला विधिमंडळात तीन-चतुर्थांश मतं लागतात आणि विक्रीकराला साधं बहुमत पुरतं, म्हणून क्लिंटन तिकडे गेले. हे सगळं जाहिरातीत मावत नाही, 128 मावतं. कितीदा वाढवला ही मोजणीच निरर्थक आहे, किती रुपयांनी आणि कुणावर हे बघायचं असतं.

पण विधिमंडळ विरोधकांचं होतं, मग गव्हर्नर काय करणार?

हा आक्षेप रास्त आहे. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात 85 टक्के डेमोक्रॅट होते आणि रॉम्नी रिपब्लिकन. बजेटमधल्या एखाद्याच रकमेवर काट मारायचा अधिकार तिथल्या गव्हर्नरला असतो, रॉम्नींनी तो आणि साधा व्हेटो मिळून 800 च्या वर वेळा वापरला आणि त्यातला बहुतेक वेळा विधिमंडळाने त्यांचा निर्णय फिरवला. इन्कम टॅक्स 5 टक्क्यांवर आणायचा त्यांचा प्रयत्नही तिथेच अडला. त्यामुळे खर्च का वाढला याचा सगळा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही. पण मग तूट भरल्याचं सगळं श्रेयही त्यांचं नाही, कारण ती बजेटं त्याच विधिमंडळाने पास केली होती. ही वाटणी दोन्हीकडे सारखी लावायची, श्रेय माझं आणि दोष त्यांचा असं चालत नाही.

जाता जाता काय झालं तेही बघण्यासारखं आहे. 2006 च्या नोव्हेंबरमध्ये, पद सोडायला दोन महिने उरले असताना, विधिमंडळ शिलकीतून पैसे काढायला निघालं म्हणून रॉम्नींनी चालू बजेटमध्ये 40 कोटी डॉलरच्या वर कपात केली. जानेवारीत डेव्हल पॅट्रिक गव्हर्नर झाले, त्यांनी यातला बराच भाग परत घातला आणि सांगितलं की पुढच्या वर्षाला 1 अब्जाहून मोठी तूट माझ्या गळ्यात मारलीय. रॉम्नी म्हणाले मी 2 अब्ज शिल्लक ठेवून गेलो. दोघांचं खरं कसं? तर शिल्लक म्हणजे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेला फंड, तो खरंच 2 अब्जांच्या वर होता. आणि तूट म्हणजे दर वर्षीचा खर्च दर वर्षीच्या उत्पन्नापेक्षा जास्त, जी मुरलेली असते आणि दर वर्षी कुठूनतरी एकदाच मिळणारे पैसे घालून झाकली जाते. बँकेत पैसे असतानाही महिन्याचं गणित चुकलेलं असू शकतं.

कर्जाचं काय?

ओबामांच्या जाहिरातीत होतं की रॉम्नींच्या काळात राज्याचं कर्ज 2.6 अब्जांनी वाढून 18 अब्जांच्या वर गेलं, माणशी कर्जात देशात पहिला नंबर. इथे पुन्हा टिकाऊ कामांचं वेगळं बजेट आठवा. बोस्टनमध्ये शहराच्या पोटातून हायवे नेणारा बिग डिग नावाचा प्रकल्प चालू होता, सुरुवातीचा अंदाज 3 अब्जांच्याही आतला, शेवटी साडेचौदा अब्जांच्या वर गेला, आणि 2006 च्या जुलैत त्याच्या छताचा भाग कोसळून कारमधल्या एका बाईचा जीव गेला. हे ओझं रॉम्नींच्या आधीपासूनचं, माणशी कर्जात ते राज्य आधीपासूनच वरच्या नंबरांत होतं. त्यामुळे ही टीका मला अर्धीच पटते. उलट 2005 ला एस अँड पी या रेटिंग कंपनीने राज्याचं रेटिंग वाढवलं, तेही प्रचारात वापरलं गेलं. रेटिंगचा अर्थ एवढाच की कर्ज देणाऱ्याचे पैसे बुडणार नाहीत, कॉलेजची फी 63 टक्क्यांनी वाढली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

खरं मोठं कर्ज मात्र बहुतेक वेळा जाहिरातीत येतच नाही, ते म्हणजे पेन्शन. सरकारी कर्मचाऱ्यांना पुढे द्यायच्या पेन्शनसाठी दर वर्षी फंडात पैसे टाकायचे असतात आणि नाही टाकले तर लगेच कुणाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे अडचणीतल्या गव्हर्नरला ही सगळ्यात सोपी जागा. याचं ठळक उदाहरण न्यू जर्सी, जिथे आपली एवढी माणसं राहतात. नव्वदच्या दशकात तिथल्या गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी इन्कम टॅक्स 30 टक्क्यांनी कमी करायचं वचन पाळलं, 1997 ला पेन्शन फंडात घालायला पावणेतीन अब्जांच्या आसपास रोखे काढले, म्हणजे कर्ज काढून फंड भरला, आणि राज्याच्या तिजोरीतून घालायचे पैसे कमी केले. नंतरच्या दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांनी तेच पुढे चालवलं.

प्रचारात याबद्दल काहीही बोललं तरी चालतं, पण राज्य जेव्हा रोखे विकतं तेव्हा घेणाऱ्यांना आपली आर्थिक परिस्थिती लेखी सांगावी लागते आणि तिथे लपवाछपवी केली तर तो कायद्याने फसवणुकीचा मामला होतो. 2010 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे आपल्या सेबीसारख्या संस्थेने, न्यू जर्सीवर आरोप ठेवला की 2001 ते 2007 मध्ये 26 अब्ज डॉलरचे रोखे विकताना पेन्शन फंडात पुरेसे पैसे टाकत नाही हे त्यांनी घेणाऱ्यांना नीट सांगितलं नाही. असा आरोप झालेलं ते पहिलंच राज्य. ही रोख्यांची माहितीपत्रकं ऑनलाइन कुणालाही मोफत वाचता येतात. तुमच्या राज्याचा माजी गव्हर्नर मत मागायला आला तर त्याच्या काळातलं एक माहितीपत्रक उघडा आणि पेन्शनचं पान काढा, त्यात दर वर्षी किती टाकायला हवे होते आणि किती टाकले हे दोन कॉलम शेजारी शेजारी असतात.